झिरो माईलचा दगड आणि रुसलेला पेनड्राइव्ह

घरोघरीची यंत्रं : भाग ११

मागच्या भागाच्या शेवटी या आठवड्यासाठी इन्व्हर्टर कबूल केला होता. तो एक आठवडा पुढे ढकलतो, कारण परवा संध्याकाळी शेजारची मुलगी रडवेल्या चेहऱ्याने दारात उभी राहिली. प्रोजेक्टची प्रिंट काढायला ती बर्डीवरच्या एका दुकानात गेली होती. पेनड्राइव्ह लावला, तर संगणकाने पाटी दाखवली : ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करा. दुकानातला पोरगा म्हणाला, “फॉरमॅट मारून देतो ना, एका मिनिटात नवा होऊन जाईल.” नशीब, की तिला शंका आली.

“काका, काल रात्रीपर्यंत तर चांगला चालून राहिला होता. मारू काय फॉरमॅट?”

“थांब,” मी म्हटलं. “आधी झिरो माईलला जाऊन येऊ.”

झिरो माईलचा खांब नागपूरकरांना नवा नाही. चार घोडे, वाळूच्या दगडाचा स्तंभ आणि शेजारी १९०७ सालचा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा दगड. खांबाच्या पायथ्याशी हैदराबाद, रायपूर, जबलपूर अशा गावांची मैलांतली अंतरं कोरलेली आहेत. उद्या हे सगळं कुणी उपटून नेलं, तर रायपूर जागचं हलणार नाही. फक्त कुठून आणि किती मोजायचं, ते कळेनासं होईल.

पेनड्राइव्हच्या पोटातही असा दगड असतो. तिथली जागा साधारण ५१२ बाइटच्या खणांत मोजतात. खणाला म्हणतात सेक्टर, आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. सुरुवातीच्या या खणांत लिहिलेलं असतं, की अनुक्रमणिका कुठे आहे आणि सामान कुठून सुरू होतं. अनुक्रमणिकेत फायलींची नावं आणि त्यांचे पत्ते. संगणक आधी दगड वाचतो, मग अनुक्रमणिका, मग सामान. पहिल्याच पायरीला अक्षरं पुसट निघाली, की तो हात वर करतो आणि ‘फॉरमॅट करा’ म्हणतो. खरं तर त्याला एवढंच म्हणायचं असतं, की मला वाचता येत नाही. सामान बहुधा जागेवरच असतं.

दगड पुसट होतो कसा? बहुतेक वेळा आपल्याच घाईने. फाइल उतरत असते, दिवा लुकलुकत असतो, आणि आपण पेनड्राइव्ह उपटतो. सामान खणात गेलेलं असतं, नोंद अर्धवट राहते. २०१८ पासून विंडोज १० मध्ये ‘सेफली रिमूव्ह’ न करताही काढता यावा अशी सोय आली, पण तिचा फायदा लिहिणं संपल्यावरच मिळतो. दिवा थांबेपर्यंत हात आवरायचा, हे पथ्य कायम आहे.

आता उपचार. आधी रोग ओळखायचा, कारण सारखी दिसणारी तीन दुखणी वेगवेगळी असतात.

पहिलं, फायलींच्या जागी नुसते शॉर्टकट दिसणं. हा झेरॉक्सच्या दुकानांतून घरी येणारा व्हायरस. तो मूळ फायली सहसा लपवतो, पुसत नाही. शॉर्टकटवर क्लिक करायचं नाही. अँटिव्हायरस फिरवायचा, मग ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपलेल्या फायली दाखवायला सांगायचं आणि त्या दुसरीकडे उतरवून घ्यायच्या.

दुसरं, संगणकाला पेनड्राइव्ह दिसतो पण उघडत नाही. हे आपल्या शेजारणीचं दुखणं.

तिसरं, पेनड्राइव्ह दिसतच नाही किंवा त्याची क्षमता शून्य दाखवते. तिथे आतला कंट्रोलर किंवा सोल्डरचा जोड गेलेला असू शकतो. दुसरं पोर्ट, दुसरा संगणक लावून पाहायचा. तरीही नाहीच, तर कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही. डेटा मोलाचा असेल तर तो काढून देणाऱ्या प्रयोगशाळेचं दार, नाहीतर रामराम.

दुसऱ्या दुखण्यात एकच गोष्ट पक्की धरायची : आधी सामान बाहेर, मग घराची डागडुजी. लोक नेमकं उलटं करतात. विंडोजमधलं ‘प्रॉपर्टीज, टूल्स, चेक’ हे औषध चांगलं, पण ते पेनड्राइव्हवर लिहितं, तुटक्या नोंदी आपल्या समजुतीने जुळवतं. म्हणून ते नंतर. क्विक फॉरमॅट नवी कोरी अनुक्रमणिका मांडतं, सामानाला सहसा हात लावत नाही. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक खणात शून्य भरतं, मग शोधायला काही उरत नाही.

सामान बाहेर काढायला फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं. ते अनुक्रमणिकेच्या वाटेला जात नाही. खणामागून खण तपासत फायलींच्या खुणा शोधतं. पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी होते, जेपीजी फोटोची ठरलेल्या तीन बाइटनी. खूण दिसली की तिथून फाइल उचलायची. यात नावं हरवतात, आणि तुकड्यातुकड्यांनी साठवलेली फाइल अर्धवट निघते. सापडलेलं सामान संगणकावर ठेवायचं, त्याच पेनड्राइव्हवर कधीच नाही. एवढं झालं, की मग टेस्टडिस्क हे त्याचं भावंड. एफएटी-३२ पद्धतीत सुरुवातीच्या दगडाची एक नक्कल बहुधा सहाव्या खणात जपलेली असते. तिच्यावरून टेस्टडिस्क मूळ दगड पुन्हा कोरू शकतं.

दोन इशारे. नवाकोरा, स्वस्तातला ‘२ टीबी’ पेनड्राइव्ह आठवड्यात बिघडला, तर तो बिघडलेला नसून खोटा असू शकतो. खोटा आकडा दाखवणारं यंत्र नागपूरने पाहिलेलं आहे : ३० मे २०२४ ला आपल्याकडच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं. पुढे सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने सांगितलं. तिथे बिघाड होता, इथे पेनड्राइव्हच्या कंट्रोलरला खोटा आकडा सांगायला मुद्दाम शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचं लिखाण वाऱ्यावर. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे सॉफ्टवेअर पूर्ण जागा भरून, परत वाचून ही चोरी पकडतं.

दुसरा इशारा उन्हाचा. फ्लॅश मेमरी म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. उष्णतेत तो लवकर पाझरतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर पेनड्राइव्ह ठेवू नका. आणि एकुलती एक प्रत तर त्यात कधीच ठेवू नका, ऊन असो वा नसो.

शेजारणीचं म्हणाल, तर फोटोरेकने शेकडो बिननावाच्या फायली काढून दिल्या. रात्री उशिरापर्यंत ती एकेक उघडत बसली. चारही प्रकरणं मिळाली, एक तक्ता तेवढा पुन्हा करावा लागला. सगळं संगणकावर आणि भावाच्या लॅपटॉपवर उतरवून झाल्यावर तिने पुन्हा विचारलं,

“काका, आता?”

“आता मार फॉरमॅट.”

(पुढच्या आठवड्यात, कबूल केल्याप्रमाणे : इन्व्हर्टर)