सारचा आकडा काय सांगतो?

मोबाइल विकत घेताना हल्ली ‘सार’चा (शरीराच्या ऊतींत दर किलोमागे शोषली जाणारी रेडिओ-ऊर्जा) आकडा पाहिला जातो. भारतात २०१२ पासून ही मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे, आणि ती कोणत्याही १ ग्रॅम ऊतीवरील सरासरीवर मोजतात. त्यामुळे ०.६चा फोन १.२च्या फोनपेक्षा दुप्पट सुरक्षित, असा हिशेब सहज केला जातो. तो चुकतो, कारण चाचणीत फोन मुद्दाम पूर्ण ताकदीने चालवतात. मोटारसायकलचा कमाल वेग माहीत असला, तरी ती गल्लीतून किती वेगाने जाते हे त्यावरून कळत नाही, तसेच हे. प्रत्यक्षात फोन गरजेपुरतीच ताकद लावतो.

मर्यादेच्या मुळाशी उष्णता आहे. शरीरभर किलोमागे सुमारे ४ वॅट शोषले गेल्यावर प्रयोगातल्या प्राण्यांच्या वर्तनात बदल दिसले. सामान्य लोकांसाठी संपूर्ण शरीराची मर्यादा त्याच्या पन्नासाव्या भागावर, ०.०८ वॅटवर ठेवली गेली. डोक्याजवळची मर्यादा वेगळी असली, तरी ती याच हिशेबातून आलेली. मग २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ का म्हटले? आक्षेप रास्त आहे. पण ते वर्गीकरण पुराव्याचे बळ सांगते, धोक्याचे प्रमाण नव्हे. आणि तो पुरावा संस्थेनेच मर्यादित ठरवला होता. तरीही ज्याला संपर्क कमी करायचा आहे, त्याने इअरफोन किंवा स्पीकर वापरावा आणि रेंज क्षीण असताना लांबलचक बोलणे टाळावे. टॉवर दूर असला की फोनला जास्त जोर लावावा लागतो, हे टॉवरविरोधी मोर्च्यांत क्वचितच ऐकू येते.