राजीनामा, लवाद आणि मध्यस्थी : व्यापारी तंट्यांच्या परिभाषेविषयी

इचलकरंजीतील एक सूतव्यापारी आणि एक कापड-कारखानदार ह्यांच्यात मालपुरवठ्याचा लेखी करार झाला व त्यात ‘वाद उद्भवल्यास तो मध्यस्थाकडे सोपविण्यात येईल’ असे कलम घातले गेले, अशी कल्पना करावी. वाक्य निरुपद्रवी दिसते. परंतु ‘मध्यस्थ’ म्हणजे निर्णय देणारा, की उभय पक्षांना निर्णयाप्रत येण्यास साहाय्य करणारा? पहिला अर्थ घेतल्यास प्रतिकूल निवाडाही बंधनकारक होतो. दुसरा घेतल्यास कोणत्याही पक्षाला समझोता न करता उठून जाता येते.

ही संदिग्धता केवळ काल्पनिक नाही. १९९६ चा ह्या विषयावरील केंद्रीय कायदा हिंदीत ‘माध्यस्थम् और सुलह अधिनियम’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. तेथे निवाडा देणारा तो ‘मध्यस्थ’. मराठीत त्याच अर्थी ‘लवाद’ रूढ असून ‘मध्यस्थी’ हा शब्द तडजोड घडवून आणणाऱ्याच्या कार्यासाठी योजतात. २०२३ साली संसदेने ह्या दुसऱ्या प्रकारासाठी स्वतंत्र कायदा केला तेव्हा हिंदीत ‘मध्यकता’ हा शब्द वापरण्यात आला; ‘मध्यस्थ’ आधीच गुंतला होता, हेच त्याचे कारण असावे. इंग्रजी मसुदाकारही निर्दोष नव्हते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ मध्ये न्यायिक समझोता आणि मध्यस्थी ह्यांच्या व्याख्यांची चक्क अदलाबदल झाली होती, आणि ती चूक सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अ‍ॅफकॉन्स प्रकरणात दाखवून दिली.

मध्यस्थी हे आपल्या जुन्या पंचायतीचेच नवे रूप होय, असे विधान वारंवार केले जाते. ते तपासून घेतले पाहिजे. मराठेशाहीच्या न्यायव्यवस्थेवरील वि. त्र्यं. गुणे ह्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्या काळच्या पद्धतीत पंचायतीचे काम चालू होण्यापूर्वीच वादी-प्रतिवादींकडून ‘राजीनामा’, म्हणजे पंचांचा निर्णय मानण्याची लेखी कबुली, आणि जामीन घेत. निर्णयानंतर हरणारा पक्ष ‘येजितखत’ लिहून देई. येथे संमती आहे, पण ती आरंभी आहे, आणि जो निर्णय अद्याप कोणालाच ठाऊक नाही त्याला आहे. मध्यस्थीत संमती शेवटी येते, आणि ती समोर मांडलेल्या अटींना असते. तेव्हा पंचायत लवादाच्या जवळची ठरते. मध्यस्थीचे पूर्वरूप हवेच असेल तर ते एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालातील पाटलाच्या वर्णनात सापडेल : पाटील प्रथम सामोपचाराने तंटा मिटवू पाही, आणि ते न साधल्यास पंचायत बोलावी. (आजच्या मराठीत ‘राजीनामा’ नोकरी सोडण्यापुरता उरला आहे, त्यातला ‘राजी’ कोणाला आठवत नाही.)

संमती शेवटी येते म्हणूनच मध्यस्थीच्या दालनातील संभाषण वेगळे असते. मध्यस्थ उभय पक्षांना एकत्र भेटतो, तसा स्वतंत्रपणेही भेटतो; एकाने खाजगीत सांगितलेले तो परवानगीवाचून दुसऱ्यास कळवीत नाही, आणि तेथील बोलणे न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. उपरोक्त सूतव्यापाऱ्याने दावा लावला तर न्यायालय फार तर नाकारलेल्या मालाचे किती रुपये देणे लागतात हे ठरवील. दालनात मात्र माल बदलून देणे, उधारीची मुदत वाढविणे, पुढल्या खेपेचा दर आताच बांधून घेणे, असे मार्ग निघू शकतात. ज्यांना उद्याही एकमेकांशीच व्यवहार करावयाचा आहे त्यांना ह्याचे मोल अधिक.

व्यापारी न्यायालयांच्या २०१५ च्या कायद्यात २०१८ साली कलम १२-अ घालण्यात आले. तातडीचा अंतरिम दिलासा मागावयाचा नसेल तर तीन लाख रुपये वा त्यावरील व्यापारी तंट्यात दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न करावा, असे त्यात म्हटले. हे बंधन अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पाटील ऑटोमेशन प्रकरणात ठरविले. संमतीची सक्ती हा वदतोव्याघात होय, असा आक्षेप ह्यावर येतो. तो टिकत नाही, कारण सक्ती वाट चोखाळण्याची आहे, राजी होण्याची नव्हे. खरी अडचण निराळीच आहे. प्रतिपक्ष नोटीस मिळूनही आला नाही तर मध्यस्थी सुरूच झाली नाही असा अहवाल होतो, आणि अर्जदार न्यायालयाची पायरी चढतो. समझोता झालाच तर मात्र त्याला लवादाच्या निवाड्याइतकेच बळ मिळते.

करार मराठीत लिहिणाऱ्याने म्हणूनच दोन कलमे वेगळी ठेवावीत. पहिल्यात, मध्यस्थ समझोत्यास साहाय्य करील, निर्णय देणार नाही, असे स्पष्ट म्हणावे व त्यासाठी दिवसांची मुदत घालावी. दुसऱ्यात, ती मुदत संपल्यावर वाद लवादाकडे जाईल की न्यायालयाकडे, हे लिहावे.