जे पाहिले, तेच सांगावे
घरातल्या मोठ्यांच्या पंच्याहत्तरीला ‘दोन शब्द’ लिहिताना

एखादी व्यक्ती गेली की तिच्याविषयी चांगले बोलायला आपल्याकडे शब्द कमी पडत नाहीत. दफन उरकते, ताजियतीला माणसे येऊ लागतात आणि मरहूम कोणाकोणाच्या उपयोगी पडले होते, हे घरातल्या पोरांना तेव्हा पहिल्यांदा कळते. ज्यांच्याविषयी हे सगळे बोलले जाते, ते मात्र ऐकायला नसतात.

अलीकडे अनेक घरांत अब्बांची साठी, नानींची पंच्याहत्तरी, दादाजींचे ऐंशीवे वर्ष अशा निमित्ताने सगळे कुटुंब एकत्र येते. वाढदिवस साजरा करावा की नाही, याबद्दल आपल्यात मतभेद आहेत. काही घरांत केक कापतात, काही घरांत फक्त दुआ आणि दावत होते, तर काही जण हजहून परतल्याचे किंवा निवृत्तीचे निमित्त धरतात. त्या वादात आम्ही शिरत नाही. मोठ्यांचा मान राखावा आणि त्यांचे उपकार मान्य करावेत, याविषयी तर वादच नाही. प्रश्न पुढे येतो. जेवणाआधी कोणीतरी म्हणते, “अरे, दोन शब्द बोला की!” आणि शिकलेसवरलेले नातू-नातही खाली बघू लागतात. त्या दोन शब्दांची तयारी कशी करावी, याचा इथे विचार करू.

आभार हवेत, अतिशयोक्ती नको

सूरह बनी इस्राईलच्या २३ आणि २४ व्या आयतींत अल्लाहने केवळ त्याचीच उपासना करण्याच्या आदेशासोबतच आई-वडिलांशी चांगले वागण्याचा आदेश दिला आहे. ते म्हातारपणाला पोहोचले तर त्यांना ‘उफ’ देखील म्हणू नये, त्यांच्याशी आदराने बोलावे, असे तिथे सांगितले आहे. आणि मग त्यांच्यासाठी जी दुआ शिकवली आहे, तिच्यात कारणही दिले आहे : त्यांनी मला लहानपणी वाढवले. म्हणजे त्या दुआमध्ये मोठमोठी विशेषणे नाहीत. त्यांनी आपल्यासाठी केलेले एक काम आहे आणि त्याची आठवण आहे. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, या अर्थाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी या संग्रहांत आहे.

दुसऱ्या बाजूला, तोंडावर स्तुती करण्याबद्दल प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सावधही केले आहे. एका माणसाने दुसऱ्याची फार वाखाणणी केली, तेव्हा तू आपल्या साथीदाराची मान कापलीस, या अर्थाचे शब्द त्यांनी वारंवार उच्चारले. स्तुती करायचीच असेल, तर मला तो असा वाटतो, खरा हिशेब अल्लाहकडे आहे, असे म्हणावे, अशी शिकवण त्यांनी दिली. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की भाषणाचा नियम आपोआप हाती येतो. आपण न्यायाधीश नाही, साक्षीदार आहोत. साक्षीदाराने जे पाहिले ते सांगायचे आणि थांबायचे.

‘त्यागमूर्ती’ नको, तवा सांगा

बहुतेक भाषणे पहिल्याच वाक्यात घसरतात. ‘त्यागाची मूर्ती’, ‘मायेचा सागर’, ‘आमच्या कुटुंबाचा वटवृक्ष’ हे शब्द कोणत्याही दादीला लावता येतात. म्हणून ऐकणाऱ्या दादीला ते आपले वाटत नाहीत. त्याऐवजी, शेवटची भाकरी स्वतःच्या ताटात घेण्याआधी ती दारात कोणी आहे का बघते, असे सांगितले की सगळे घर हसते आणि मान डोलावते. कारण ते सगळ्यांनी पाहिलेले असते.

लिहायला बसताना कागदाचे दोन भाग करावेत. एका बाजूला आपण स्वतः पाहिलेले, दुसऱ्या बाजूला ऐकलेले. ऐकलेल्यापुढे ते कोणाकडून ऐकले हेही लिहावे. हदीस जमा करणाऱ्या विद्वानांनी प्रत्येक हदीससोबत सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, जपली. त्या थोर कामाशी घरगुती किश्शांची बरोबरी नाही, पण ती सवय घेण्यासारखी आहे. “हे मला मोठ्या फुफ्फूने सांगितले,” एवढे म्हटले की किस्सा प्रामाणिक होतो, आणि फुफ्फूलाही मान मिळतो.

वय नक्की किती?

भाषणात वर्षे सांगायची, तर आधी ती तपासावीत. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कितीतरी जणांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. नाव घालायला आलेल्या मुलाची तारीख घरच्यांना सांगता आली नाही, की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत.

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे इंग्रजी हिशेबाने ज्यांना ७५ वर्षे होतात, त्यांची हिजरी ७७ वर्षे आधीच पूर्ण झालेली असतात. हा हिशेब दादाजींना सांगून बघा. आपले वय अचानक दोन वर्षांनी वाढल्याचे ऐकून ते हसतीलही.

खरी तारीख मिळाली नाही, तर घटना विचारावी. पुणेकरांना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आठवतो. १९७२ च्या दुष्काळातली खडी फोडण्याची कामे आणि मिलोच्या भाकरी पुष्कळांनी अनुभवल्या आहेत. मराठवाड्यात ‘पोलीस ॲक्शनच्या आधी की नंतर’ असा काळ मोजतात. सप्टेंबर १९४८ मधल्या त्या दिवसांच्या आठवणी काही घरांत फार जड आहेत. तिथे सांगणाऱ्याला वाटेल तेवढेच ऐकावे, पुढे खोदू नये.

कराड, पाटण, चिपळूणकडची मंडळी कोयनेचा भूकंप सांगतात. तो झाला ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. तेव्हा रमजानचा पहिला आठवडा नुकताच संपला होता आणि सहरीसाठी चुली पेटायची वेळ होती. शाळेच्या पुस्तकातला भूकंप आपल्या घरातल्या तव्याशी असा येऊन थांबतो.

भाषणाआधी भेट

समारंभाच्या पंधरा दिवस आधी एक दुपार त्यांच्याजवळ काढावी. “तुमच्या आयुष्याविषयी सांगा,” असा मोठा प्रश्न विचारला, तर “काय सांगायचं त्यात!” हेच उत्तर येते. लहान प्रश्न विचारावेत. पहिला पगार किती होता आणि त्याचे काय आणले? नमाज कोणी शिकवली? निकाहच्या दिवशी पाऊस होता का? मेहर किती ठरला होता?

कोकणातल्या दादींना विचारावे की दादा आखातात होते तेव्हा खुशाली कशी कळायची. पत्रे यायची, आवाज भरून पाठवलेल्या कॅसेट यायच्या. त्यांतली एखादी कॅसेट अजून कपाटात असू शकते. कोणी जुन्या काळी मुंबईहून जहाजाने हजला गेले असेल, तर तो प्रवास सविस्तर ऐकून घ्यावा. जहाजाने हजला जाण्याची सोय १९९५ मध्ये बंद झाली. तो समुद्र पाहिलेली माणसे आता वयाने फार मोठी आहेत.

याच भेटीत आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नये : “यातलं काय सांगू नको?” गरिबीचे दिवस आपल्याला अभिमानाचे वाटतात. ज्यांनी ते काढले, त्यांना चारचौघांत त्यांची आठवण नको असू शकते. भावकीतला वाद, मोडलेले लग्न, न बोलणारा मुलगा हे विषय भाषणात आणू नयेत. दुसऱ्याचे दोष झाकण्याची शिकवण आपल्याला आहेच.

झाकून केलेल्या मदतीचेही तसेच आहे. सूरह बकराच्या २७१ व्या आयतीत उघड दानाला चांगले म्हटले आहे, पण गुपचूप गरजूंना देणे अधिक चांगले म्हटले आहे. अब्बांनी कोणाच्या मुलीची फी भरली असेल आणि ती मुलगी समोर बसली असेल, तर नाव घेऊन आपण दोघांनाही अवघडून टाकू.

कोणाचे नाव राहते?

दादाजींच्या भाषणात नोकरी येते, दुकान येते, मशिदीची कमिटी येते. त्यांच्या डब्याला रोज पहाटे उठणारी व्यक्ती येत नाही. दादींवर बोलताना उलट होते. त्यांची मुले काय झाली हे सांगितले जाते, त्या स्वतः काय करत हे राहून जाते. मोहल्ल्यातल्या किती मुलांना त्यांनी कुरआन वाचायला शिकवले? किती जणींचे कपडे त्यांच्या मशीनवर शिवले गेले? घरासाठी राबलेली बिनलग्नाची आत्या, लहान भावंडांसाठी शाळा सोडलेली थोरली बहीण यांचा एका वाक्यात तरी उल्लेख व्हावा. जोडीदार हयात नसेल, तर त्यांचे नाव मगफिरतीच्या दुआसह घ्यावे. ते टाळल्याने आठवण टळत नाही.

भाषा आणि वेळ

आपल्या अनेक घरांत शाळेची भाषा मराठी किंवा इंग्रजी, घरातली दखनी, कोकणी किंवा उर्दू. नानी ज्या भाषेत आपल्यावर रागावतात, त्याच भाषेत बोलावे. ती लिहिता येत नसेल, तर देवनागरीत लिहावी. तीन-चार मिनिटे पुरतात. ऐकू कमी येत असेल, तर माईक वाढवण्यापेक्षा त्यांच्यासमोर बसून, ओठ दिसतील असे सावकाश बोलावे. विस्मरणाचा त्रास असेल, तर “आठवतं का?” असे सर्वांसमोर विचारू नये. “मला आठवतं,” असे म्हणावे.

समजा, एक नात आपल्या पंच्याहत्तरीच्या दादीसाठी लिहीत आहे. तिचे भाषण काहीसे असे होईल :

“अस्सलामु अलैकुम. दादीचं सगळं आयुष्य मला सांगता येणार नाही, कारण त्यातलं थोडंच मी पाहिलंय. दोन गोष्टी सांगते.

पहिली ऐकलेली आहे. ती फुफ्फूने मला सांगितली आणि फुफ्फूला तिच्या दादीने. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आपली दादी सतरा वर्षांची होती, घरात नवी सून. मागची भिंत पडली. सगळे अंगणात थंडीत बसले होते. दादीने पडलेल्या भिंतीचे तीन दगड मांडले, चूल पेटवली आणि होतं तेवढ्या पिठाच्या भाकरी केल्या. शेजारच्या दोन घरांना आधी दिल्या. त्या दिवशीचा रोजा तिने पाण्यावर धरला.

दुसरी मी पाहिलेली आहे. मला शिकायला पुण्याला पाठवायचं की नाही, यावर घरात चार दिवस चर्चा चालली होती. दादी काही बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने आपल्या पेटीतून एक पिशवी आणून अब्बांसमोर ठेवली. दहाच्या, पन्नासच्या नोटा होत्या. एवढंच म्हणाली, ‘हॉस्टेलचे भर.’ त्या पैशांत हॉस्टेल भागलं नाही, पण चर्चा थांबली.

दादी, तुझ्याविषयी मी एवढं जाणते. बाकीचं अल्लाह जाणतो. जझाकल्लाह.”

यात एकही विशेषण नाही, तरी दादी कोण आहेत हे पाहुण्यांना कळले. शिवाय भूकंपाचा किस्सा चुकीचा असेल, तर तो दुरुस्त करायला स्वतः दादी समोर आहेत. “भाकरी नव्हत्या गं, नुसती पेज होती,” असे त्या मधेच म्हणाल्या, तर भाषण थांबवून ऐकावे. त्या दिवशी ऐकण्यासारखे सर्वांत मोलाचे तेच असेल. हयातीत बोलण्याचा हाही एक फायदा आहे.

समारंभ झाल्यावर कागद फेकू नये. दादींनी केलेली दुरुस्ती त्यावर लिहावी, तारीख घालावी आणि घरातल्या महत्त्वाच्या कागदांत तो ठेवावा.

अल्लाह आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आरोग्य आणि ईमानसह दीर्घायुष्य देवो, आणि त्यांचे हक्क त्यांच्या हयातीतच अदा करण्याची तौफीक आपल्या सर्वांना देवो. आमीन.