सौर पंपाचा कंट्रोलर ‘डेड’ कसा होतो? बोर्डातला पहिला प्रोग्राम आणि तो बदलण्याची जोखीम

उदगीर : मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ‘सॉफ्टवेअर मारायचंय’ हे वाक्य उदगीरकरांना नवे नाही. कंपनीच्या लोगोवर अडकलेला फोन केबलला लावायचा, संगणकावरून नवी फाईल आत ढकलायची आणि पट्टी शंभर टक्क्यांवर जाईपर्यंत केबलला हात लावायचा नाही. हे काम आता फोनपुरते राहिलेले नाही. डाळ मिलमधला कलर सॉर्टर, शेतातल्या सौर पंपाचा कंट्रोलर, नांदेड-लातूरला इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलांचे प्रोजेक्टचे बोर्ड, या सगळ्यांत एक छोटा संगणक असतो. वीज मिळताच त्याला जागे करणाऱ्या प्रोग्रामला म्हणतात बूटलोडर. तो बिघडला की बाकी सगळे सुटे भाग धड असूनही यंत्र उठत नाही.

बूटलोडर नेमके करतो काय?

वीज आली तेव्हा प्रोसेसरला काहीच ठाऊक नसते. रॅम किती आहे, मेमरी कार्ड कुठे जोडले आहे, स्क्रीन आहे की नाही, यातले काहीच नाही. चिपच्या आत कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो, तो बूट रॉम. त्याला कोणी बदलू शकत नाही. तो ठरलेल्या जागेवरून पुढचा तुकडा उचलतो आणि चालवतो. पण मोठी रॅम अजून सुरूच झालेली नसल्याने हा तुकडा चिपच्या आतल्या चिमुकल्या मेमरीत मावावा लागतो. बीगलबोनसारख्या बोर्डावर ही जागा शंभर-सव्वाशे केबी, म्हणजे मोबाईलमधल्या एका फोटोपेक्षाही कितीतरी कमी. हा तुकडा रॅम सुरू करतो, मग मुख्य बूटलोडर येतो आणि तो लिनक्सला उठवतो. एकाने दुसऱ्याला हाक मारावी, दुसऱ्याने तिसऱ्याला, असा हा प्रकार.

अशा बोर्डांवर सर्वाधिक दिसणारा मोफत बूटलोडर म्हणजे ‘यू-बूट’. जर्मनीतील वुल्फगँग डेंक यांनी तो आधी पॉवरपीसी प्रोसेसरसाठी ‘पीपीसीबूट’ नावाने वाढवला. २००२ मध्ये त्याला ‘दास यू-बूट’ हे नाव मिळाले. पाणबुडीवरच्या ‘दास बूट’ या जर्मन चित्रपटाच्या नावावरची ही कोटी. डेंक यांचे २०२२ मध्ये निधन झाले. यू-बूट आजही आर्म, रिस्क-फाईव्ह अशा अनेक प्रोसेसरांवर चालतो.

तयार कसा करतात?

लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा, बोर्डाचा आर्मचा. लॅपटॉपवर बनवलेला प्रोग्राम बोर्डाला कळावा म्हणून क्रॉस कंपायलर लागतो. यू-बूटमध्ये प्रत्येक बोर्डाची वेगळी कॉन्फिगरेशन फाईल असते. ती निवडायची आणि बिल्ड करायचे, काही मिनिटांत फाईल तयार. मुले चुकतात ती बहुधा इथेच. नाव सारखे पण आवृत्ती वेगळी, अशा बोर्डाची फाईल निवडली तर बिल्ड बिनतक्रार होते, फ्लॅशही होते, पण रॅमची मापे जुळत नसल्याने बोर्ड मुका राहतो. स्क्रीन तर अजून चालूच झालेली नसते. म्हणून आधी सीरियल केबल जोडावी. तीन वायरी, त्यात पाठवणारी घेणारीला आणि घेणारी पाठवणारीला, तिसरी ग्राउंड. बोर्ड कुठल्या पायरीवर अडकला ते त्यावर अक्षरांत दिसते. केबल स्वस्त आहे, पण ती आठवते ती बोर्ड बंद पडल्यावरच.

लाईट गेली तर?

आपल्याकडचा खरा प्रश्न हा. फ्लॅश चिपमध्ये जुन्यावर नवे थेट लिहिता येत नाही. आधी एक पूर्ण ठोकळा पुसावा लागतो, मग लिहायचे. पुसणे आणि लिहिणे यांच्या मधल्या क्षणी वीज गेली तर जुना बूटलोडर गेलेला आणि नवा अर्धाच. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून अनेक जण निर्धास्त असतात. पण बोर्ड भिंतीच्या अॅडॉप्टरवर असेल तर लॅपटॉप चालू राहतो आणि बोर्ड मधेच विझतो. बूटलोडर बदलताना बोर्डालाच इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर ठेवणे हा साधा उपाय आहे.

तरीही बोर्ड गेला तर तो भंगारात टाकायची घाई नको. बूट रॉम शाबूत असतो आणि बहुतेक चिपमध्ये त्याला ‘बाहेरून घे’ असे सांगण्याची सोय असते. रास्पबेरी पाय पिकोवर ‘बूटसेल’ बटण दाबून यूएसबी जोडली की तो पेन ड्राईव्हसारखा दिसतो. ईएसपी३२ वर बूट बटण धरून रीसेट करायचे. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ पासून बूटलोडर बोर्डावरच्या चिपमध्ये असतो. तो खराब झाल्यास दुसऱ्या संगणकावर रिकव्हरी कार्ड बनवून लावायचे आणि हिरवा दिवा भराभर लुकलुकेपर्यंत थांबायचे. पाय ३ पर्यंतच्या बोर्डांत ही फाईल मेमरी कार्डवरच असायची, म्हणजे कार्ड बदलले की विषय संपला.

शेवटचा उपाय दुरुस्तीवाल्यांच्या ओळखीचा : चिपला चिमटा लावून सीएच३४१ए प्रोग्रामरने थेट लिहिणे. फक्त चिप १.८ व्होल्टची आहे की ३.३ ची हे आधी पाहावे. १.८ च्या चिपला ३.३ दिले तर ती कायमचीच जाऊ शकते.

भारतीय बोर्डावर

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने, आपल्या तिरुअनंतपुरम केंद्रातून, रिस्क-फाईव्हवर आधारित ‘वेगा’ प्रोसेसर विकसित केले. त्यातील ‘तेजस३२’ चिपचे ‘एरीज’ बोर्ड विद्यार्थी वापरतात. त्यावर नवख्यांना हमखास बुचकळ्यात टाकणारी एक गोष्ट आहे. संगणकावरून पाठवलेला प्रोग्राम थेट रॅममध्ये जाऊन चालू शकतो. तो छान चालतो आणि वीज जाताच पुसला जातो. बोर्ड खराब नसतो. प्रोग्राम टिकवायचा तर तो फ्लॅशमध्ये लिहून बोर्डाला तिथून सुरू व्हायला सांगावे लागते.

शेतातल्या कंट्रोलरचे काय?

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’सारख्या योजनांतील पंपांना दूरस्थ देखरेखीची यंत्रणा असते. अशी उपकरणे सिमकार्डवरून अपडेट घेऊ शकतात. चांगल्या रचनेत मेमरीचे दोन कप्पे असतात. चालू प्रोग्राम एका कप्प्यात, नवा दुसऱ्यात. नवा पूर्ण उतरला, त्याची बेरीज-तपासणी जुळली, तरच बूटलोडर तिकडे वळतो. काही वेळा प्रयत्न करूनही नवा नीट सुरू झाला नाही तर यू-बूट मोजणी ठेवून जुन्याकडे परत येऊ शकतो. ही सोय नसलेल्या कंट्रोलरचे अपडेट फसले तर कोणीतरी लॅपटॉप घेऊन बांधावर जायचे, आणि तोवर पिकाला पाणी नाही. म्हणून खरेदीच्या वेळी ‘अपडेट मधेच थांबले तर जुने परत येते का?’ हा प्रश्न विक्रेत्याला विचारण्यासारखा आहे.

आणखी एक गाठ सुरक्षेची. कोणीही आपली फाईल घुसवू नये म्हणून सिक्युअर बूटमध्ये कंपनीच्या किल्लीची खूण चिपमध्ये कायमची कोरली जाते. त्या किल्लीने सही केलेलाच प्रोग्राम चिप स्वीकारते. हॅकरला ते रोखते. पण कंपनी बंद झाली आणि किल्लीही हरवली, तर त्या कंट्रोलरमध्ये त्यानंतर एकही दुरुस्ती टाकता येत नाही, अगदी मालकालाही.