चालकाशेजारचे चाक

२०१२ साली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या आउडी आर१८ ई-ट्रॉन क्वाट्रोच्या कॉकपिटमध्ये चालकाच्या शेजारी एक बंद डबा होता. डब्यातली हवा काढून टाकलेली, आणि आत कार्बन फायबरचे एक चाक मिनिटाला ४५,००० फेऱ्यांपर्यंत फिरत होते. हे चाक ना रस्त्याला टेकत होते, ना गिअरला जोडलेले होते. तरीही फेस्लर, लोटरर आणि त्रेलुइए या तिघांनी आळीपाळीने चालवलेली ती गाडी ३७८ फेऱ्या, म्हणजे पाच हजारांहून अधिक किलोमीटर धावली, ती या चाकाच्या साथीने. ल माँ जिंकणारी ती पहिली हायब्रिड गाडी.

शर्यतीची गाडी वळणापाशी ब्रेक दाबते तेव्हा इंधन जाळून मिळवलेला वेग तबकड्यांच्या उष्णतेत संपतो. तबकड्या लालबुंद होतात, ती उष्णता हवेत जाते आणि वळण संपताच तोच वेग पुन्हा इंधन जाळून मिळवावा लागतो. ही उधळपट्टी थोडी तरी थांबवावी म्हणून फॉर्म्युला वनने २००९ साली ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवून परत वापरणाऱ्या ‘कर्स’ या यंत्रणेला परवानगी दिली. दर फेरीला ४०० किलोज्यूल, ६० किलोवॅटच्या जोराने, म्हणजे जेमतेम साडेसहा सेकंद. पण तेवढ्यानेही निकाल फिरत. त्या वर्षी बेल्जियममधल्या स्पा इथे भारतीय मालकीच्या फोर्स इंडियाचा फिसिकेला पहिल्या क्रमांकावरून सुटला होता. सेफ्टी कार बाजूला झाल्यावर फेरारीतल्या रायकोनेनने कर्सचे बटण दाबले आणि चढावाच्या सरळ रस्त्यावर त्याला मागे टाकले. शर्यत संपली तेव्हा दोघांमध्ये एका सेकंदाचेही अंतर नव्हते.

त्या हंगामात कर्स वापरणाऱ्या संघांनी ऊर्जा बॅटरीत साठवली. त्या काळच्या बॅटऱ्यांना मात्र काही सेकंदांत भरणे आणि काही सेकंदांत रिकामे होणे सोसत नसे. त्या तापत आणि लवकर जुन्या होत. २००८ च्या चाचण्यांमध्ये तर कर्स बसवलेल्या बीएमडब्ल्यूला हात लावताच एका मेकॅनिकला विजेचा धक्का बसला होता. विल्यम्स संघाने वेगळी वाट धरली. इयन फोली या अभियंत्याच्या छोट्या कंपनीत त्यांनी भागीदारी घेतली आणि तिचे नाव विल्यम्स हायब्रिड पॉवर झाले. वेग विजेच्या रूपात साठवण्याऐवजी फिरण्याच्याच रूपात साठवायचा, हा तिचा विचार.

विचार नवा नव्हता. कुंभाराचे चाक एकदा काठीने फिरवले की मडके घडेपर्यंत फिरत राहते, ते याच तत्त्वावर. पण कुंभाराचे चाक जड असते, आणि शर्यतीच्या गाडीत वजन म्हणजे शत्रू. इथे गणित मदतीला येते. चाकाचे वजन दुप्पट केले तर साठा दुप्पट होतो, वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणून चाक हलके ठेवायचे आणि वेग प्रचंड वाढवायचा. अशा वेगाने पोलाद फुटले तर त्याचे तुकडे गोळ्यांसारखे सुटतात. कार्बन फायबर गोलाकार गुंडाळले की कितीतरी जास्त ताण सोसते, आणि निकामी झालेच तर त्याचा भुगा होतो.

खरी कमाल पुढे आहे. चाकाच्या घडणीतच चुंबकीय चूर्ण मिसळलेले होते, त्यामुळे चाक हेच मोटरचा फिरता भाग झाले. ब्रेक लागताच पुढच्या चाकांवरची मोटर वीज तयार करी, ती वीज या चाकाचा वेग वाढवी, आणि गाडीला जोर हवा असेल तेव्हा हेच उलट क्रमाने घडे. हे तंत्र मूळचे युरेन्को या युरेनियम समृद्ध करणाऱ्या कंपनीच्या घरातले. त्या कामासाठी सेंट्रिफ्यूज अखंड फिरवता फिरवता मिळालेले ज्ञान शर्यतीच्या गाडीत पोचले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

फॉर्म्युला वनमध्ये मात्र हे चाक कधीच शर्यतीत उतरले नाही. २०१० पासून शर्यतीत इंधन भरायला बंदी आली, टाक्या मोठ्या झाल्या, आणि त्या चिंचोळ्या गाडीत डब्याला जागा उरली नाही. त्याच वर्षी पोर्शने ते ९११ जीटी३ आर हायब्रिडमध्ये बसवले. न्यूरबुर्गरिंगच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ही गाडी आघाडीवर असताना, शेवटचे दोन तासही उरलेले नसताना थांबली. थांबली ती पेट्रोल इंजिनामुळे. चाक ठीक होते.

आउडीच्या वेळचा नियम असा होता : ब्रेकच्या दोन टप्प्यांमध्ये जास्तीत जास्त ५०० किलोज्यूल परत वापरायचे, आणि तेही वेग ताशी १२० किलोमीटरच्या वर गेल्यावरच. आउडीच्या वर्गातल्या गाडीचे किमान वजन ९०० किलो होते. हिशेब मांडून पाहा, ९०० किलोची गाडी ताशी १२० किलोमीटरने धावताना तिच्यातली गतिज ऊर्जा बरोबर ५०० किलोज्यूल भरते. म्हणजे एका अख्ख्या धावत्या गाडीचा वेग चालकाच्या शेजारच्या डब्यात मावत होता! मात्र ताशी ३०० वरून १०० वर येताना हीच गाडी पावणेतीन हजार किलोज्यूलच्या आसपास गमावते. त्यातला पाचवा भागही परत वापरता येत नव्हता.

पुढे चाकाला मागे सारले ते याच आकड्यांनी. आउडीने २०१३ आणि २०१४ मध्येही याच चाकासह ल माँ जिंकली. पण २०१४ पासून नियमांनी एका फेरीत ८,००० किलोज्यूलपर्यंत परत वापरायची मुभा दिली आणि बॅटऱ्याही सुधारल्या. चाक भराभर देते-घेते, पण त्याच्या पोटात फार मावत नाही. २०१५ मध्ये बॅटरीवाली पोर्श जिंकली, आणि २०१६ मध्ये आउडीनेही बॅटरी स्वीकारली. याला मी चाकाचा पराभव म्हणणार नाही. थोडी ऊर्जा, पण झटपट आणि वारंवार, हा त्याचा स्वभाव आहे, आणि तो शर्यतीपेक्षा शहरातल्या बसला जास्त शोभतो.

बसमध्ये तर ते पूर्वीच फिरून गेले होते. १९५३ साली स्वित्झर्लंडच्या इव्हर्दों गावात ओर्लिकॉन कंपनीच्या जायरोबस धावू लागल्या. त्यांच्या पोटात दीड टनाचे पोलादी चाक असे आणि थांब्यावर विजेने ते पुन्हा फिरवून घेत. काही वर्षांत ती सेवा बंद पडली. २०१४ मध्ये जीकेएन या कंपनीने विल्यम्स हायब्रिड पॉवर विकत घेतली आणि ब्रिटनच्या गो-अहेड समूहाच्या ५०० बससाठी अशी चाके पुरवण्याचा करार जाहीर केला. दर थांब्याला ब्रेक, पुन्हा सुरुवात, पुढच्या थांब्याला पुन्हा ब्रेक.