पुंगळीची मान

रायफलच्या काडतुसात गोळी, दारू, आघाताने पेट घेणारी टिकली आणि या तिन्हींना एकत्र धरणारी पितळी पुंगळी असे चार भाग असतात. त्यांपैकी पहिले तीन बार उडताच खर्ची पडतात आणि वापरणाऱ्याचे सारे लक्षही सहसा त्यांच्यावरच असते. वास्तविक सर्वांत अवघड काम पुंगळीचे असते. बार उडताच तिने फुगून कोठीच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतींना चिकटायचे, जेणेकरून तप्त वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येणार नाही. आणि दाब ओसरताच किंचित आकसून विनातक्रार बाहेर यायचे. हे साधण्यासाठी एकाच पितळी नळकांड्याचे बूड कडक, अंग लवचीक आणि गोळी धरणारी मान नरम ठेवावी लागते.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत तूर-हरभऱ्यात शिरणाऱ्या रोही आणि रानडुकरांच्या निमित्ताने जे थोडे शेतकरी शस्त्राचा परवाना बाळगून आहेत, त्यांना बारा बोअरच्या बंदुकीखेरीज माहीत असलेली रायफल म्हणजे .315. या मापाचा उगम शिकाऱ्याच्या आवडीनिवडीत नसून सरकारी बंदीत आहे. .303 हे फौजेचे काडतूस असल्यामुळे ब्रिटिश अमदानीत ते खासगी माणसाच्या हाती द्यायचे नव्हते (आजही ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते), म्हणून ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलचे 8×50 मिलिमीटरचे, बुडाला किनार असलेले काडतूस हिंदुस्थानच्या बाजारासाठी निवडले गेले. त्याची रायफल प्रथम बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने आणि पुढे इशापूरच्या सरकारी कारखान्याने बनवली. असे एकदाच घडले नाही. मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलचे .450 काडतूस म्हणजे .577 मापाच्या पुंगळीचे तोंड आवळून केलेली रचना होती. ते बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून 1907 मध्ये हिंदुस्थान आणि सुदानात .450 मापावर बंदी आली, तेव्हा लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने .500 ची पुंगळी आवळून .465 हे नवे काडतूस बाजारात आणले. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतातही लष्करी मापांवर निर्बंध आले आणि तेथील शिकाऱ्यांनी .303 च्याच पुंगळीची मान .25 पर्यंत आवळली.

कोणतीही कंपनी तयार करत नाही, तर एखादा हौशी कारागीर दुसऱ्या काडतुसाची पुंगळी नव्या साच्यात दाबून घडवतो, अशा काडतुसाला पाश्चात्त्य नेमबाज 'वाइल्डकॅट' म्हणतात. अमेरिकेत .22-250 आणि .25-06 ही काडतुसे कित्येक दशके अशीच घरगुती होती; रेमिंग्टन कंपनीने ती अनुक्रमे 1965 आणि 1969 मध्ये आपल्या यादीत घेतली, तेव्हा कुठे त्यांना कारखान्याचा शिक्का लाभला.

मराठी मुलखात हे काम घरी होत नाही. ते कारखान्यात होते. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, तर मलकापूरहून भुसावळकडे जाताना वाटेत लागणारा वरणगावचा आयुध कारखाना 1964 चा. 1 ऑक्टोबर 2021 पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत. एरवीचा संस्थात्मक इतिहास सरकारी पुस्तिकांत मिळतो. लक्ष वेधून घेते ती पुंगळीची घडण.

सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेल्या पितळेच्या पट्टीतून आधी चकती कापून तिची वाटी केली जाते, आणि ती वाटी क्रमाने अरुंद होत जाणाऱ्या साच्यांतून दट्ट्याने ढकलून लांब नळी ओढली जाते. प्रत्येक ओढीने पितळ कडक होते, आणि तसेच पुढे ओढले तर फाटते. ठोक्यांनी भांडे टणक होते आणि भट्टीत घातले की पुन्हा वळते, हे तांबटाला मठारकाम करताना हाताला कळलेले असते. कारखान्यात त्याच क्रियेला अनीलिंग म्हणतात, आणि दोन ओढींच्या मध्ये पितळ सुमारे 600 अंश सेल्सिअसच्या वर तापवून, वर आलेला ऑक्साइडचा थर सौम्य गंधकाम्लात धुऊन पुढच्या साच्याकडे पाठवले जाते. त्यानंतर बूड ठोकून कडक केले जाते, त्यात टिकलीचे घर पाडले जाते, किनार किंवा खाच लेथवर कातली जाते आणि सर्वांत शेवटी तोंड आवळून खांदा व मान काढली जाते.

ही शेवटची पायरीच सर्वांत हट्टी आहे. रुंद तोंड अरुंद करताना धातू नाहीसा होत नाही; तो मानेच्या भिंतीत जाडी वाढवतो आणि उरलेला पुढे सरकून लांबी वाढवतो, म्हणून प्रत्येक पुंगळी ठरल्या मापाला छाटावी लागते. 7.62 च्या नाटो काडतुसात हे माप सुमारे 51 मिलिमीटर असते. छाटणी केवळ देखणेपणासाठी नसते. मान जास्त लांब राहिली तर तिचे टोक कोठीच्या पुढच्या अरुंद गळ्यात अडकून गोळीला आवळून धरते, मान जाड राहिली तर फुगायला जागा उरत नाही, आणि दोन्ही प्रकारांत दाब धोक्याच्या पातळीवर जातो. साच्यातून काढल्यावर पितळ थोडे मागेही उसळते, त्यामुळे साच्याचे माप आणि पुंगळीचे माप कधीच तंतोतंत एक नसते. वाइल्डकॅट घडवणाऱ्याचा निम्मा वेळ या दोन गोष्टींचे मोजमाप घेण्यात जातो, आणि त्याचे कौशल्यही खरे तर तिथेच दिसते.

मान आवळल्यावर तिच्यात जो ताण अडकून राहतो, त्याचा धडा जगाला हिंदुस्थानातच मिळाला. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवली जात आणि ऋतू संपता संपता, कोणी हात न लावताही, त्यांच्या मानेला उभ्या चिरा पडलेल्या आढळत. इंग्रजीत या दोषाचे नावच ऋतूवरून पडले. मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी 1921 मध्ये त्याचे कारण नीट मांडले: जनावरांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, हवेतील ओल आणि धातूतला अडकलेला ताण ही तिन्ही एकत्र आली की पितळ कणांच्या सीमांवरून फुटते. उपाय साधा निघाला. सुमारे 250 ते 300 अंशांवर हलकेच तापवले तरी कडकपणा फारसा न घालवता ताण निघून जातो. लष्करी पुंगळीच्या मानेवर आणि खांद्यावर दिसणारा निळसर-तपकिरी पट्टा मान ज्योतीवर नरम केल्याची खूण असतो. ज्योत मात्र मानेपुरतीच ठेवावी लागते. बूड नरम पडले तर तीच पुंगळी जीवघेणी होते.

वऱ्हाडच्या दृष्टीने अडचणी इथूनच सुरू होतात. शेतघरात गोठा आणि सामानाची खोली भिंतीला भिंत लावून असतात, पावसाळा तीन-चार महिन्यांचा असतो, आणि परवानाधारकाची काडतुसे त्याच खोलीतल्या पेटीत वर्षानुवर्षे पडून राहतात. पागेतली परिस्थिती याहून फार वेगळी नव्हती. कारखान्यातून ताण काढून आलेली पुंगळी हे बरेच सोसते, पण एकदा उडालेली, फुगलेली आणि पुन्हा दाबलेली पुंगळी तेवढे सोसेल याची खात्री नसते. महाग काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरावी हा विचार शेतकऱ्याच्या काटकसरीला सुचण्यासारखा आहे, म्हणून हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

त्यात घडणीचाही अडसर आहे. ब्रिटिश-भारतीय लष्करी .303 मध्ये टिकलीची बर्डन पद्धत होती, म्हणजे टिकली ज्यावर आपटते ती ऐरण पुंगळीच्या बुडातच उठवलेली असते आणि तिच्या बाजूंना दोन बारीक भोके असतात. त्यामुळे मध्यभागी सुई घालून जुनी टिकली ढकलून काढता येत नाही. हौशी कारागिरीला सोयीची बॉक्सर पद्धत, ज्यात ऐरण टिकलीतच असते आणि भोक मधोमध एकच, अमेरिकेत रुळली. तेथे ही कला घरोघर पसरण्याचे एक कारण तेच.

कायद्याचा अडसर याहून मोठा. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि 'दारूगोळा' या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागच नव्हे, तर ते बनवण्याची यंत्रेही येतात. रोही किंवा रानडुक्कर मारायचे तर हातातला शस्त्र परवाना पुरत नाही. 1972 च्या वन्यजीव अधिनियमाच्या कलम 11 खाली वेगळी परवानगी लागते. मेळघाट 1973-74 मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला, तेव्हापासून या भागात रायफलचा हौसेशी संबंध उरला नाही, आणि तो पुन्हा जुळावा असे म्हणण्याचे कारणही नाही.

मात्र धातूचे ज्ञान कायद्याच्या कुंपणाआड राहण्याची गरज नाही. वरणगावच्या कारखान्याच्याच वर्षी, 1964 मध्ये, अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. म्युनिशन्स इंडियाने वाटीपासून मानेपर्यंतचे सर्व टप्पे उभे कापून, निकामी करून, रीतसर परवानगीने अशा महाविद्यालयांच्या धातुशास्त्र प्रयोगशाळांना द्यावेत, म्हणजे हिंदुस्थानच्या पावसाळ्याने शिकवलेला हा धडा वऱ्हाडच्या विद्यार्थ्याला परदेशी पुस्तकातल्या छायाचित्रावरून शिकावा लागणार नाही.