चक्रीवादळ किनाऱ्यावर संपत नाहीं

हर्सूलच्या शेतकऱ्याला समुद्राशीं काय कर्तव्य आहे? खाम नदीच्या वरच्या अंगास वसलेल्या या गांवापासून अरबी समुद्र सरळ रेषेंत अडीचशें किलोमीटरांहून दूर आहे, आणि बंगालचा उपसागर तर त्याच्याही दुपटीहून दूर. वादळाची चिंता कोळ्यांनीं व खलाशांनीं करावी, आपण मृग आणि हस्त पाहावेत, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ही समजूत आतां सोडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि तें कां, हें सांगण्याकरितां सन २०२१ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरच्या आठवड्याची वाचकांस आठवण करून देणें अवश्य आहे.

त्या वर्षीं २५ सप्टेंबर रोजीं बंगालच्या उपसागरांत एक चक्रीवादळ तयार झालें. त्यास ‘गुलाब’ हें नांव मिळालें. २६ तारखेच्या सायंकाळीं तें आंध्रच्या उत्तर भागांत कलिंगपट्टणमच्या जवळ किनाऱ्यावर चढलें. तें ठिकाण हर्सूलपासून नऊशें किलोमीटरांहून लांब आहे. वाऱ्याचा वेग ताशीं ७५ ते ८५ किलोमीटर, म्हणजे चक्रीवादळांच्या मानानें तें सामान्यच होतें. जमिनीवर येतांच त्याचा वारा पडूं लागला आणि दुसऱ्या दिवशीं तर त्याची चक्रीवादळ ही पदवीही गेली. परंतु वारा पडला तरी पाऊस पडावयाचा राहिला नव्हता. तेलंगणांतून पश्चिमेकडे सरकत त्याच्या अवशेषानें २७ व २८ तारखेस सगळ्या मराठवाड्यावर पाणी ओतलें. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. नदीकांठचीं शेतें व गांवें पाण्याखालीं गेलीं. तोच अवशेष पुढें गुजरातेवरून अरबी समुद्रांत उतरला, तेथें पुन्हां बळावला, ‘शाहीन’ असें नवें नांव घेऊन ३ ऑक्टोबर रोजीं ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन धडकला. एका समुद्रांतून निघून सबंध द्वीपकल्प ओलांडून दुसऱ्या समुद्रांत पुन्हां उभें राहणारें असें वादळ विरळा.

तो आठवडा हस्त नक्षत्र लागण्याचा. सोयाबीन पिवळें पडून कापणीस आलेलें, कांहींचें कापून शेतांतच पसरलेलें, कपाशीचीं बोंडें उमलावयास लागलेलीं, मका कणसांत भरलेला. या काळीं दोन दिवसांचा अवेळीं पाऊस काय करतो, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. उभ्या सोयाबीनच्या शेंगांत दाण्यांस मोड फुटतात, कापलेला माल कुजतो, बोंड काळें पडतें. चार महिन्यांचे श्रम, बियाणें, खत आणि सावकाराचें किंवा बँकेचें देणें हीं सारीं त्या दोन दिवसांवर लटकलेलीं असतात. म्हणूनच बंगालच्या उपसागरांतील वादळ हा आमच्या मतें हर्सूलच्या शेतकऱ्याचाही विषय होय.

आतां हें वादळ होतें कसें, तें थोडक्यांत पाहूं. समुद्राच्या पृष्ठाचें तापमान सुमारें साडेसव्वीस अंशांच्या वर गेलें, आणि ती उष्णता कांहीं खोलीपर्यंत पोंचलेली असली, म्हणजे पाण्याची वाफ मोठ्या प्रमाणांत वर चढते. वर थंडावून ती वाफ पुन्हां पाणी होते, तेव्हां तिच्या पोटांतील उष्णता हवेस मिळते; तापलेली हवा हलकी होऊन आणखी वर जाते आणि खालीं हवेचा दाब उतरतो. भोंवतालची हवा तेथें धांव घेते. पृथ्वीच्या फिरण्यामुळें ती सरळ न येतां वळण घेत येते आणि आपल्या गोलार्धांत घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरूं लागते. चुलीवरील हंड्याखालीं जाळ असेपर्यंत आधण उकळत राहतें, त्याप्रमाणें ऊन समुद्र खालीं असेपर्यंत वादळ पोसलें जातें. जमिनीवर आलें कीं तो जाळ निघून जातो, म्हणून वारा मंदावतो. पण ढगांत भरलेलें पाणी तसेंच असतें. तें कोठें तरी पडणारच.

या विद्येचा आरंभ आपल्याच देशांत झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ‘सायक्लोन’ हा शब्द कलकत्त्यांत राहणाऱ्या हेन्‍री पिडिंग्टन या गृहस्थानें सुमारें १८४८ सालीं रूढ केला. १८६४ सालच्या वादळानें कलकत्त्यांत हजारों माणसें मेलीं. त्यानंतर आलेल्या दुष्काळांचीही भर पडून १८७५ सालीं सरकारनें हवामान खातें स्थापिलें. पुढें १९७० सालीं आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर भोला नांवाच्या ठिकाणीं आलेल्या वादळानें तीन लाखांहून अधिक लोक घेतले. त्या आघातानें जग हललें. १९७२ सालीं जागतिक हवामान संघटनेनें बंगालचा उपसागर व अरबी समुद्र यांच्या कांठच्या राष्ट्रांचें एक मंडळ उभें केलें. आज त्यांत तेरा देश आहेत. एरवीं राजकारणांत एकमेकांकडे पाठ फिरविणारेही तेथें एका टेबलाशीं बसतात. वादळांचीं नांवें हे देश आळीपाळीनें देतात. ‘गुलाब’ हें नांव पाकिस्ताननें, ‘शाहीन’ हें कतारनें सुचविलेलें होतें. या सगळ्या पट्ट्यास इशारे देण्याचें काम नवी दिल्लीच्या केंद्राकडे आहे. याखेरीज सर्व जगांतील वादळ-शास्त्रज्ञांची परिषद १९८५ पासून सुमारें चार वर्षांनीं एकदां भरते, आणि कोणाचें अनुमान कोठें चुकलें याचा तेथें मोकळेपणानें हिशेब होतो.

त्यांचीं साधनेंही पाहण्यासारखीं आहेत. उपग्रहाच्या छायाचित्रांतील ढगांच्या आकारावरून वादळाचें बळ ओळखण्याची रीत अमेरिकेच्या व्हर्नन ड्वोरॅक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत बसविली, ती अजून सर्वत्र चालते. समुद्रांत ‘आर्गो’ नांवाचे सुमारें चार हजार तरते यंत्रगोळे सोडलेले आहेत. ते दोन हजार मीटर खोल बुडी मारून दर दहा दिवसांनीं वर येतात आणि पाण्याची उष्णता व खारटपणा उपग्रहामार्फत कळवितात. हैदराबादचें महासागर माहिती केंद्र या कामांत भागीदार आहे. या मोजमापांतून एक महत्त्वाची गोष्ट समजली. गंगा-ब्रह्मपुत्रेचें गोडें पाणी बंगालच्या उपसागरावर हलक्या थरासारखें पसरतें, खालच्या थंड पाण्यास वर येऊं देत नाहीं, आणि त्यामुळें वादळाखालचा जाळ लवकर विझत नाहीं.

या श्रमांचें फळ दिसतें. १९९९ सालीं ओरिसांत महाचक्रीवादळानें सुमारें दहा हजार माणसें मेलीं. २०१३ सालीं त्याच किनाऱ्यावर ‘फायलीन’ हें भयंकर वादळ आलें, तेव्हां लाखों लोकांस आधींच हलविल्यामुळें मृतांची संख्या शंभराच्याही आंत राहिली. आपला पश्चिम समुद्रही आतां पूर्वीसारखा शांत राहिलेला नाहीं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंतील डॉ. मेधा देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, २००१ ते २०१९ या काळांत अरबी समुद्रांतील चक्रीवादळें मागील काळाच्या मानानें सुमारें निम्म्यानें वाढल्याचें दाखविलें आहे. ३ जून २०२० रोजीं अलिबागच्या दक्षिणेस ‘निसर्ग’ वादळ चढलें, तें कोंकणांतील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या करूनच शमलें.

तथापि, या यशांत एक उणीव आहे आणि ती नेमकी आपल्या वांट्याला येते. वादळ कोणत्या वाटेनें जाईल याचें चोवीस तासांपूर्वींचें अनुमान आज सरासरी ऐंशी किलोमीटरांच्या आंत चुकतें. किनाऱ्यावरील बंदर रिकामें करण्यास एवढी अचूकता पुरते. पण हर्सूलहून जालना साठेक किलोमीटर! म्हणजे मुसळधार पावसाचा पट्टा आपल्यावर पडेल कीं जालन्यापलीकडे, हें एवढ्या चुकीनें उलट होऊं शकतें. शिवाय किनारा ओलांडल्यावर वादळ किती वेगानें मरेल, हेंही खालच्या जमिनीवर अवलंबून असतें. २००७ सालीं अमेरिकेंत ‘एरिन’ नांवाचें वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरून दुबळें झालें, आणि समुद्रापासून शेंकडों किलोमीटर आंत, ओक्लाहोमाच्या भिजलेल्या जमिनीवर पुन्हां बळावलें. पावसानें तुडुंब झालेली जमीन वादळास थोडाफार समुद्रासारखाच ओलावा पुरविते, असें तेथील संशोधक म्हणतात. सप्टेंबरअखेर आपली काळी जमीन कशी असते, हें वाचक जाणतातच. म्हणून जमिनीवर आलेल्या वादळाचा पाऊस हा आजच्या संशोधनाचा कठीण भाग आहे, आणि त्याचा उलगडा होण्यास समुद्राइतकींच जमिनीवरचीं मोजमापें लागतात.

मग आपण काय करावें? पहिली गोष्ट, वादळ किनाऱ्यावर चढल्याचें वर्तमान ऐकून संकट टळलें असें मानूं नये. त्याचा अवशेष विरेपर्यंत हवामान खात्याचीं पत्रकें पाहत राहावें. २०२१ सालीं त्या पत्रकांत मराठवाड्याचें नांव होतें, पण आपल्यांतील बहुतेकांचें लक्ष त्या वेळीं आंध्राच्या किनाऱ्याकडे होतें. दुसरी गोष्ट, परभणीच्या कृषि विद्यापीठाकडून मंगळवारीं व शुक्रवारीं निघणारा कृषिहवामान सल्ला कापणीच्या दिवसांत तरी न चुकतां वाचावा. पाऊस येणार असें दिसलें, तर पक्व सोयाबीन कापण्याची घाई करून तें उघड्यावर पसरूं नये. कापलेलें असेल तें उंचावर रचून ताडपत्रीनें झांकावें. आणि शेतांत पाणी साचूं नये म्हणून चर आधींच मोकळे करावेत. दोन दिवसांची सूचना मिळाली तर एवढें काम होण्यासारखें आहे.

तिसरी गोष्ट आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची. मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला कीं त्यास अतिवृष्टी म्हणतात. पण एका मंडळांत पुष्कळ गांवें असतात, आणि ढग मंडळाच्या हद्दी पाळीत नाहींत. प्रत्येक गांवीं एक साधें पर्जन्यमापक असावें, रोज सकाळीं ठराविक वेळीं त्यांतील पाणी मोजून वहींत लिहावें, आणि ती वही वर्षानुवर्षें जपावी. खर्च थोडा आहे. नियमितपणा मात्र हवा. नुकसानीचा प्रश्न आला तर ती वही आपल्या गांवाचा पुरावा ठरेल. आणि शास्त्रज्ञांच्या हातीं ती गेली तर जमिनीवरील वादळाचें जें पान आज अपुरें लिहिलें गेलें आहे, त्यांत हर्सूलची एक ओळ पडेल. आमच्या सभासदांनीं येत्या पावसाळ्याच्या आधींच या कामास हात घालावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.